वेदांचे रक्षक आणि ईश्वर

ईश्वराबद्दल कुणी शंका काढली, की 'हा आपल्या परंपरेतला नव्हेच' असा शिक्का हल्ली लगेच बसतो. वाहिन्यांवरच्या चर्चेत आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशांत एकच सूर ऐकू येतो : आपल्या ग्रंथांनी ईश्वर एकमुखाने मानला, शंका घेणारे तेवढे चार्वाक आणि बौद्ध, म्हणजे परके. हा सूर परंपरेवरच अन्याय करतो. ईश्वराला सर्वांत कठोर प्रश्न विचारले, ते वेदांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसांनी.

ऋग्वेदातल्या अनेक देवता, नासदीय सूक्तातली सृष्टीविषयीची शंका आणि उपनिषदांतले ब्रह्म हा प्रवास वाचकांना ठाऊकच आहे. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्यांना 'देव किती?' असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि ३३०६ वरून उत्तर ३३, ६, ३, २, दीड असे उतरत १ वर येते. श्वेताश्वतरात रुद्र सृष्टीचा स्वामी होतो, गीतेत ईश्वर भक्ताचा सखा होतो. पतंजलींचा ईश्वर क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष आहे, तर ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेत सृष्टीचे सारे चक्र ईश्वरावाचून चालते. इथवर फारसा वाद नाही.

यापुढचे वळण मात्र बहुतेक जण उलटे वाचतात. वेद ईश्वराने सांगितले म्हणून ते प्रमाण, तेव्हा वेद मानणारा ईश्वर मानणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हे मत न्यायदर्शनाच्या पंडितांचे, म्हणजे नैयायिकांचे. वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा पक्ष याच्या नेमका विरुद्ध. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, असे ते म्हणतात. कर्ता आला, की त्याच्या हेतूविषयी शंका आली; तो चुकण्याची, फसवण्याची शक्यताही आली. वेदांचे प्रामाण्य अबाधित राहायचे, तर त्यांच्यामागे कुणीही वक्ता नको, अगदी ईश्वरसुद्धा नको. शबरस्वामींनी मीमांसासूत्रांवरच्या आपल्या भाष्याच्या नवव्या अध्यायात तर देवतांनाच हात घातला : देवतेला शरीर नाही, ती हविर्द्रव्य खात नाही, प्रसन्न होऊन फळही देत नाही. फळ मिळते ते यज्ञकर्मामुळे.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी हा विचार सृष्टिकर्त्यापर्यंत नेला. श्लोकवार्तिकातल्या संबंधाक्षेपपरिहार या प्रकरणात ते एकामागून एक प्रश्न विचारतात. शरीर नसताना निर्माण करण्याची इच्छा कशी झाली? शरीर होते, तर ते कुणी घडवले? करुणेपोटी जग निर्माण केले म्हणावे, तर करुणा यावी असे प्राणी तेव्हा होते कुठे? आणि करुणाच होती, तर निव्वळ सुखाचे जग का नाही केले? क्रीडेसाठी केले म्हणावे, तर ज्याला क्रीडेची गरज पडते तो कृतार्थ कसा? निर्मिती पाहायला कुणी नव्हते, मग साक्ष कुणाची? 'मी निर्माण केले' असे तो स्वतः सांगत असेल, तरी आपले ऐश्वर्य मिरवण्यासाठी सांगत नसेल कशावरून?

बौद्धांशी वेदांच्या बाजूने झुंजलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत. त्याच ग्रंथाच्या आरंभी चंद्रकोर धारण करणाऱ्याला, म्हणजे शिवाला, वंदन आहे. टीकाकार पार्थसारथी मिश्रांनी त्याचा यज्ञपर अर्थही लावून दाखवला. वंदनासाठी प्रश्न आवरते घ्यावेत, असे कुमारिलांना वाटले नाही.

अशा आक्षेपांनी ईश्वरकल्पनेला धार आली. सृष्टीतली विषमता आणि क्रूरता ईश्वराला चिकटते, हा आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आधी पुरेपूर मांडला आणि मग जिवांच्या कर्मानुसार फळ मिळते, असे उत्तर दिले. जगाबाहेर उभा राहून जग घडवणारा, केवळ निमित्तकारण असलेला ईश्वर त्यांनीही नाकारला. दहाव्या शतकात नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या बाजूने अनुमाने रचली. ग्रंथाचे पाच स्तबक (प्रकरणे) म्हणजे पाच आक्षेपांना दिलेली उत्तरे. त्यांत मीमांसकही प्रतिपक्षी आहेत. आक्षेप वगळले, तर ईश्वरसिद्धीच्या या थोर ग्रंथात काही उरणार नाही.

हा वारसा महाराष्ट्राला परका नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला आणि तिथेच घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बुद्धिप्रामाण्याचे पुरस्कर्ते झाले.

ईश्वरावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी ती जरूर जपावी. पण शंका घेणाऱ्याला परका ठरवायचे, तर पहिल्यांदा कुमारिलांना परके ठरवावे लागेल. त्याला उत्तर द्यायचेच असेल, तर उदयनाचार्यांनी दिले तसे द्यावे : त्याचा आक्षेप पूर्ण ऐकून, आणि युक्तिवादाने.