मुखदर्शन घडले नाही म्हणून

शंका : नांदेडचे माझे बालमित्र, वय ८३, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. जिल्हाबंदीमुळे मला लातूरहून जाता आले नाही. गोवर्धन घाटावरचा अग्निसंस्कार त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर दाखवला, तोही मधेच तुटला. मुखदर्शन नाही, खांदा नाही, सूतकही मी धरले नाही. आमचे गुरुजी म्हणतात, हे दुर्मरण. नारायणबळी केल्यावाचून त्यांस गती नाही व मलाही दोष लागेल. काय करावे? — एक वाचक, लातूर

समाधान : तुम्ही एका कुळातले नव्हेत, प्रेतामागे गेलाही नाहीत, सूतक धरले नाही, हे योग्यच झाले. त्या महिन्यात सरकारी हुकमाने अंत्यविधीसाठी जिल्हा ओलांडण्याची मुभा दिली ती कुटुंबीयांना, आणि स्मशानात माणसे वीस. त्या हिशेबात साठ-सत्तर वर्षांच्या मैत्रीचा रकाना नव्हता. याज्ञवल्क्याने मात्र स्वेच्छेने द्यावयाच्या उदकाचे, म्हणजे कामोदकाचे, अधिकारी सांगताना सखा पहिला घेतला असून विवाहित कन्या, भाचा, सासरा व ऋत्विज त्याच्यामागून येतात. त्या स्मृतीवरील मिताक्षरा विज्ञानेश्वराने तुमच्या शेजारच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, लिहिली. मला तीच प्रमाण. तेव्हा स्नान करून, मित्राचे नाव घेऊन, ओंजळभर पाणी सोडा.

आता नारायणबळीविषयी. आत्मघात, सर्पदंश, बुडून मरणे अशा मृत्यूंसाठी सांगितलेला हा विधी, रुग्णालयात औषधोपचार घेत असता ज्वराने गेलेल्या वृद्धाच्या माथी मारणे, हे शास्त्राचे अज्ञान की दक्षिणेचे ज्ञान, याचा निवाडा तुम्हीच करावा. महामारीने घरोघर शोक आणला, तेव्हा कित्येकांनी त्याची वतनदारी मांडली. खांदा दिला नाही त्याची शांत वेगळी, दहावा घाटावर झाला नाही त्याची वेगळी, आणि दक्षिणा तेवढी स्पर्शावाचून, मोबाइलवरून, बिनदिक्कत पोहोचती झाली! केंद्रीय आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्येच नातलगांना दुरून मुख दाखवण्याची, देहाला हात न लावता मंत्रपठण व तीर्थप्रोक्षण करण्याची मोकळीक दिली होती व रक्षेपासून धोका नाही असे स्पष्ट लिहिले होते. पण हे यजमानाला वाचून दाखवणारा पुरोहित माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

आणि दर्शनाचा हव्यास कोठवर जातो, हे तुमच्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज जिवंत समाधी घेणार, अशी अफवा उठताच ऐन साथीत हजारोंची झुंबड उडाली. महाराज १ सप्टेंबरला, वयाच्या १०४ व्या वर्षी, नांदेडच्या रुग्णालयात शांतपणे गेले. त्या गर्दीतल्या किती जणांनी साथ घरी नेली असेल, याचा दोष कोणत्या पोथीत लिहायचा? तुम्ही घरी राहिलात, म्हणून मित्राच्या घरातल्या वृद्धांना तुमच्यापासून उपद्रव झाला नाही. हे मी धर्माचरणच समजतो.

बंदी आता उठली आहे. नांदेडला जा, वहिनींपाशी दोन घटका बसा, शाळेतल्या गोष्टी काढा. त्या त्यांनी कदाचित ऐकलेल्याही नसतील. गुरुजींना कळवण्याचे कारण नाही.