शर्यत आणि प्रवास

गुळगुळीत तेच वेगवान, असा आपला समज. शार्क माशाच्या कातडीवरून मात्र उलटा हात फिरवला तर ती खरखरीत लागते. तिच्यावरच्या बारीक रेघा पाण्याचे घर्षण कमी करतात. १३२ वर्षे जपलेला 'अमेरिकाज कप' अमेरिकेने १९८३ साली गमावला. १९८७ साली फ्रीमँटल येथे डेनिस कॉनरने तो परत जिंकला, तेव्हा त्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' नौकेच्या तळाला अशाच सूक्ष्म खाचांचा पापुद्रा चिकटवलेला होता. पुढे शिडांच्या शर्यतींच्या नियमांनी असे पृष्ठभाग निषिद्ध ठरवले. तळ घासून गुळगुळीत करावा, खाचा मात्र पाडू नयेत!

न्याय विचित्र वाटेल खरा. पण शर्यतीत आपण खलाशाचे कसब मोजायला बसलेलो असतो, पापुद्र्याचे नव्हे. मालवाहू जहाजाची गोष्ट निराळी. तिथे घर्षण घटले तर तेल वाचते आणि हरत कोणीच नाही. म्हणजे दोष खाचांचा नाही, जागेचा आहे.

संसारात मात्र आपण शर्यतीत आहोत की प्रवासात, हेच पुष्कळदा कळत नाही. मला वाटते, शेजारी मागे पडल्याचा आनंद होऊ लागला की ती शर्यत समजावी. आणि मग आपल्या नावेचा तळ एकदा आपणच तपासून पाहावा.