किळस आणि विवेक

अन्नाविषयीची किळस ही निसर्गाची देणगी, की समाजाने लावलेले वळण, हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाही. एका साध्या जपानी पदार्थाच्या निमित्ताने तो तपासून पाहावयास हरकत नाही.

या पदार्थाचे नाव 'शोगायाकी'. 'शोगा' म्हणजे आले. डुकराच्या मांसाचे पातळ काप किसलेले आले, सोया सॉस, तांदळाचे मद्य व किंचित साखर यांत मुरवावयाचे, तव्यावर पुरते शिजेपर्यंत परतावयाचे आणि बारीक चिरलेल्या कोबीसह गरम भाताबरोबर वाढावयाचे. भद्रावतीसारख्या गावीही हे अशक्य नाही. आले, कोबी व भात घरचेच. सोया सॉसही आता दुर्मिळ राहिलेला नाही. मद्य वगळले तरी चालते. अडचण येते ती मांसापाशी, आणि ती पाकशास्त्राची नसून मनाची असते.

परदेशी नाव धारण केलेला हा पदार्थ एखाद्या सुशिक्षित घरी झाला, तर त्याला रसिकता म्हणतात. परंतु हेच मांस गावकुसाबाहेरची काही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या शिजवीत आली, तेव्हा आपण नाक मुरडले. दलितांच्या खाद्यजीवनाविषयी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली निघाले. त्याचे नावच आपल्या 'पूर्णब्रह्मा'ला विचारलेला प्रश्न आहे. डुक्कर घाण खाते, असे कोणी म्हणेल. पण उकिरडा निर्माण केला कोणी? आणि त्याच उकिरड्यावर चरणारी कोंबडी आपल्याला कशी चालते?

खुद्द जपानचा इतिहास येथे बोधप्रद आहे. सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस निषिद्ध केले. पुढे बौद्ध विचाराच्या प्रभावाने मांसाहाराला शतकानुशतके कमीपणा आला, आणि जनावरे मारणारे व कातडी कमावणारे लोक अस्पृश्यवत् ठरले. १८७१ साली कायद्याने त्यांचे हीनत्व रद्द झाले. १८७२ साली सम्राट मेइजी याने मांस भक्षण केल्याचे जाहीर झाले. मांस प्रतिष्ठित झाले, परंतु त्या लोकांची अवहेलना संपली नाही. म्हणूनच १९२२ साली क्योतो येथे त्यांना 'सुइहेइशा' ही संघटना स्थापावी लागली. पदार्थ ताटात आला, माणूस दाराबाहेरच राहिला.

आता भद्रावतीकडे वळू. येथे पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे आणि विजासनची बौद्ध लेणीही आहेत. जीवदयेने सर्व मांस वर्ज्य करणाऱ्याचा, किंवा धर्माज्ञेने डुक्कर न खाणाऱ्याचा नियम आदरणीयच आहे. कारण तो स्वतःला आवरतो, दुसऱ्याला हिणवीत नाही. बौद्ध परंपरेतील एक कथा याहून पुढे जाते. चुंद लोहाराने बुद्धाला अखेरचे भोजन दिले. ते 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे कोवळे मांस, की अळंबी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्यानंतर आजारी पडलेल्या बुद्धाने चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याचे दान श्रेष्ठ मानावे, असे आनंदाला बजाविले, याविषयी ग्रंथात संदिग्धता नाही. अंतकाळीही त्याची दृष्टी अन्नावर नव्हती, अन्नदात्यावर होती.

तात्पर्य, काय खावे हे ज्याने त्याने ठरवावे. किळस काही आज्ञेने जात नाही. मात्र आपली किळस पदार्थाची आहे की माणसाची, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ज्याला शोगायाकी रुचते, त्याने तेच मांस शेजारवस्तीतील घरी, त्यांच्या पंक्तीला बसून खाऊन पाहावे. ज्याला मांस वर्ज्य आहे, त्याने त्या घरचे निदान पाणी प्यावे. घोट अडखळला, तर दोष मांसाचा नाही.