धबधब्याची वाट आणि चातुर्मास

सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसाळ्यापुरतेच असतात. जूनच्या मध्याला कातळावर पहिली पांढरी रेघ उमटते, आषाढ-श्रावणात ती फुगते आणि दिवाळीच्या आसपास विरून जाते. तेव्हा धबधबा पाहायचा तर पावसातच चालावे लागते. नेमक्या याच महिन्यांत भारतातल्या तीन जुन्या परंपरांनी आपल्या साधूंना चालणे बंद करायला सांगितले आहे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन साधूंचा चातुर्मास आणि वैदिक संन्याशांचा चातुर्मास यांचे तपशील वेगळे असले तरी गाभा एकच आहे : पाऊस असेतो एका जागी राहावे. पावसात चालण्यात धर्माच्या दृष्टीने वावगे काय आहे, हा प्रश्न त्यामुळे फार जुना आहे.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गात, या नियमाची कथा येते. बुद्ध राजगृहाला असताना लोक कुरकुरू लागले. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून बसतात, आणि हे शाक्यपुत्राचे शिष्य तेवढे हिरवे गवत तुडवीत, बारीक जीव मारीत बाराही महिने हिंडतात, अशी ती तक्रार होती. त्यावरून तीन महिन्यांच्या वर्षावासाचा नियम झाला. नियम एखाद्या तत्त्वज्ञाने सिद्धान्तातून काढलेला नाही. गवत तुडवले जाताना पाहणाऱ्या साध्या माणसांनी तो मागून घेतला. पुढचे पोटनियम तर वाचण्यासारखे आहेत. झाडाच्या ढोलीत, फांदीच्या बेचक्यात, उघड्यावर, छत्रीखाली किंवा रांजणात वर्षावास चालत नाही. कोणी ना कोणी तसे करून पाहिल्यावरच प्रत्येक मनाई आली, असे ग्रंथच सांगतो. गोठ्यात, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नावेत मात्र वर्षावास चालतो. तांडा आणि नाव दोन्ही हलणारी आहेत. तेव्हा केवळ हालचाल थांबवणे एवढाच या नियमाचा हेतू नसावा. निकडीच्या कामासाठी सात दिवस बाहेर राहण्याची मुभाही होती.

जैनांनी हाच विचार कितीतरी बारकाईने केला. कल्पसूत्रात पावसाळ्यात साधूने जपायच्या आठ ‘सूक्ष्मां’ची यादी आहे : बारीक प्राणी, बुरशी, बीज, कोंब, फूल, अंडे, बीळ आणि ओल. बुरशीचे काळी, निळी, तांबडी, पिवळी आणि पांढरी असे पाच रंगही सांगितले आहेत. आषाढात घाटमाथ्यावरच्या एखाद्या सड्यावर कोणी वाकून पाहिले, तर ही यादी त्याला पायाखाली जशीच्या तशी सापडेल. कातळाच्या खळग्यात दोन बोटे माती, तिच्यावर शेवाळ, त्यात ‘सीतेची आसवं’ या नावाने ओळखली जाणारी इवलीशी जांभळी फुले, कडेला गोगलगायींची अंडी, दगडाखाली खेकड्याचे बीळ. वरून पाहणाऱ्याला तो नुसता ओला खडक दिसतो आणि वाट चिखलाची म्हणून चालणारा नेमका त्यावरूनच पाय टाकतो.

जैन विचारात धबधबा आणखी एका कारणाने अवघड ठरतो. पाणी हे तिथे जीवांचे नुसते घर नाही, ते स्वतःच जीव आहे. पाणी हेच ज्यांचे शरीर, अशा ‘अप्काय’ जीवांचा तो समूह. जैन साधू स्नान करीत नाहीत, त्यामागे हा विचारही आहे. कड्यावरून कोसळणारा प्रवाह म्हणजे अशा असंख्य जीवांचा लोट. त्याच धारेखाली हिंदू यात्रेकरू पावन होण्यासाठी उभा राहतो. बौद्धांनी या दुसऱ्या समजुतीची थट्टाच केली. थेरीगाथेतली पुण्णा ही पाणी भरणारी दासी थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते, की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव, साप हे सगळे स्वर्गात जाणार काय? शिवाय पाणी पापाबरोबर पुण्यही वाहून नेईल, ही तिची शंका जास्त बोचरी आहे. एकच धार एका परंपरेत जीव आहे, दुसरीत देवता आणि तिसरीत फक्त पाणी.

वैदिक परंपरेतही गौतम धर्मसूत्राने भिक्षूला पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले आहे. नाव चातुर्मास असले तरी संन्यासी बहुधा दोनच महिने थांबतात. चार पक्ष म्हणजे चार मास, असा हिशेब त्यासाठी लावला जातो. शास्त्राने सवलत शोधली की ती अशी गणितात सापडते.

मग वारीचे काय, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात इथे येणारच. आळंदीहून आणि देहूहून पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात आणि लाखो माणसे पावसात भिजत पंढरपूरला पोचतात. ती पोचतात आषाढ शुद्ध दशमीला. दुसऱ्या दिवशी शयनी एकादशी, देव झोपी जातात आणि चातुर्मास लागतो. वारीची पायपीट चातुर्मासाच्या उंबरठ्यावर येऊन संपते. याहून महत्त्वाचा भेद चालणाऱ्यात आहे. साधूचे आयुष्य म्हणजे चालणे, म्हणून थांबणे हे त्याचे तप. संसारी माणूस घर, शेत आणि दुकान यांना बांधलेला असतो, म्हणून चालणे हे त्याचे तप. ज्याला जे सवयीचे, ते त्याच्याकडून काही दिवस काढून घेतले जाते. या न्यायाने आठवडाभर खुर्चीला खिळलेला माणूस रविवारी धबधब्याकडे चालू लागला, तर त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. पण वारीला नेम आहे, दिंडीतली जागा ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत. धबधब्याच्या वाटेला यातले काहीच नाही.

धबधबा हे तीर्थ आहे काय, हेही पाहायला हवे. ‘तीर्थ’ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जिथे नदीत उतरता येते, पलीकडे जाता येते, तो उतार म्हणजे तीर्थ. फुगलेला धबधबा याच्या नेमका उलट. तिथे ना उतरता येते ना तरता. पूजेतही वाहत्या पाण्याचे आदर्श रूप प्रपाताचे नाही. देवळात पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती पाहावी : बुडाशी एक बारीक छिद्र, त्यातून सुतासारखी, पण न तुटणारी धार. धारेश्वर, कपिलधार, सहस्रधारा ही नावे मोठ्या पाण्यात तीच धार पाहतात.

लोकांनी धबधब्याकाठी देव मांडले, पण जत्रेची तिथी मात्र विचाराने निवडली. संगमेश्वर तालुक्यात मारळजवळ कड्यातल्या गुहेत मार्लेश्वर आहे आणि समोर धारेश्वर धबधबा. मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते ते मकरसंक्रांतीला. गोव्यात साखळीजवळच्या हरवळे धबधब्याशेजारी रुद्रेश्वर आहे. त्याचा मोठा उत्सव महाशिवरात्रीचा. बीड जिल्ह्यात कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा कार्तिक पौर्णिमेला भरते. तिन्ही दिवस पाऊस सरल्यानंतरचे. अपवाद आहेत, आणि ठळक आहेत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी भर पावसात निघते. पण ती डोंगराभोवतीची प्रदक्षिणा आहे. तिच्यात देवाला उजवीकडे ठेवून चालायचे असते, पाण्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे नसते.

पावसाळी धबधबा सर्वांत जवळून आणि सर्वांत जास्त काळ पाहिला असेल, तर तो चालणाऱ्यांनी नव्हे, थांबलेल्यांनी. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर खोदलेली आहेत आणि दरीच्या वरच्या टोकाला नदी टप्प्याटप्प्याने कोसळते. त्या जागेला सातकुंड म्हणतात. सर्वांत जुनी लेणी सातवाहनकाळातली, इसवी सनापूर्वीची. वर्षावासाच्या तात्पुरत्या निवाऱ्यांचे हळूहळू कायमचे विहार झाले, त्यांतला एक म्हणजे 12 क्रमांकाचे लेणे. चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना चार-चार खोल्या आणि खोलीत झोपायला दगडाचेच दोन ओटे. पावसाचे महिने दोन माणसे त्या अंधाऱ्या खोलीत काढत, तेव्हा खालच्या नदीचा आवाज त्यांची पाठ सोडत नसणार. बौद्धांनी मनाला प्रवाहाची उपमा दिली, मुक्तीच्या पहिल्या पायरीला ‘स्रोतापन्न’, म्हणजे प्रवाहात शिरलेला, असे नाव दिले. ही भाषा लेण्यांहून जुनी आहे. पण दर क्षणी नवे पाणी आणि तरी तोच आकार, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागले नसेल. वेरूळलाही 29 क्रमांकाच्या शैव लेण्याशेजारी पावसाळ्यात धबधबा पडतो. त्याच्या कुंडाला लोक सीतेची न्हाणी म्हणतात.

आजही पावसात धबधब्याकडे जाण्यावर बंदी येते, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. तिच्यामागची कारणे खरी आहेत. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. धबधब्याशी पाऊस थांबलेला असला तरी वर डोंगरावर तो कोसळत असतो आणि तिथले पाणी काही मिनिटांत खाली येते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या येणे ही त्याची खूण घाटातल्या माणसांना ठाऊक असते. मात्र हा आदेश आणि जुना नियम यांत मूळचाच फरक आहे. आदेश चालणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी आहे. वर्षावास आणि चातुर्मास पायाखालच्या जीवांसाठी होते. दुसरा नियम आज फक्त साधू पाळतात. कासच्या पठारासारख्या मोजक्या जागी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली, तिथे मात्र राजगृहाच्या लोकांचीच तक्रार नव्या कागदावर लिहिली गेली आहे.

कार्तिकात देव उठतात. पौर्णिमा झाली की जैन साधू-साध्वी पुन्हा विहाराला निघतात, अनवाणी, गावामागून गाव. तोवर वाटेवरचे गवत पिवळे पडलेले असते आणि घाटातले बहुतेक धबधबे कातळावरच्या ओलसर काळ्या पट्ट्यापुरते उरलेले असतात.