मी इथं राहतो

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी मी एका बाईंशी भांडलो. कारण होतं एक कुंडी.

मी कात्रजला, सुखसागरनगरात भाड्याने राहतो. आमच्या गल्लीत वर फ्लॅट, खाली दुकानं : मेडिकल, दाताचा दवाखाना, मोबाइल रिपेअरिंग, केक शॉप. सोसायटीत भाडेकरूंना पार्किंग नाही, त्यामुळे माझी गाडी रस्त्यावर असते. जागा धरायला मी एक तळ फुटलेली कुंडी ठेवायचो. शेजारचे पाण्याचा रिकामा जार ठेवतात, पलीकडचे तुटकी खुर्ची. त्या दिवशी बाहेरून आलो तर बाईंनी कुंडी कडेला सरकवून गाडी लावली होती आणि म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून दवाखान्याकडे नेत होत्या.

"ताई, इथं मी गाडी लावतो."

"दादा, रस्ता तुमच्या नावावर आहे का?"

"मी इथं राहतो."

"मग राहा ना," असं म्हणून त्या वडिलांना घेऊन पायऱ्या चढल्या.

त्याच आठवड्यात गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ज आला. आपल्या रस्त्यावर रहिवाशांनाच गाडी लावू द्यावी, तसे परमिट द्यावेत, अशी महापालिकेकडे मागणी. खाली सह्या करायच्या होत्या. आठवडाभरापूर्वी मी पहिली सही केली असती. आता 'मी इथं राहतो' हे वाक्य डोक्यात अडकलं होतं. त्यातून नेमका कुठला हक्क निघतो?

पहिलं उत्तर : आम्ही आधीपासून आहोत. हे कात्रजमध्ये बोलणं धाडसाचं आहे. मूळ गावकऱ्यांना प्लॉटवाले उपरे वाटले, प्लॉटवाल्यांना फ्लॅटवाले, फ्लॅटवाल्यांना आम्ही भाडेकरू. आता आम्हाला दवाखान्यात येणारे पेशंट उपरे वाटतात. संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारली तर एमएच-१२च्या जोडीने ११, १० आणि ०९ दिसतात. सातारा, सांगली, कोल्हापूर. घाट उतरून आलेल्यांनीच हा भाग भरलाय. माझीही गाडी एमएच-११च आहे.

दुसरं उत्तर : आम्ही टॅक्स भरतो. त्या बाईही भरत असतील. रस्ता गल्लीने वर्गणी काढून केलेला नाही.

तिसरं उत्तर मला जरा खरं वाटतं. पेशंट तासाभरात जातो, मला मात्र रात्री गाडी कुठेतरी ठेवावीच लागते. हा हक्क मालकीतून आलेला नाही, दुसरा पर्याय नसण्यातून आलाय. पण मग तो पर्याय नसेल तेवढ्याच वेळेपुरता असायला हवा. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. सामायिक गोष्टीवर लॉक घेतला तर काम झाल्यावर तो सोडायचा असतो. माझी कुंडी म्हणजे असा लॉक, जो घेणारा सकाळी नऊला ऑफिसला गेलाय आणि जागा दिवसभर रिकामी अडकून पडलीय. (अशा कोडसाठी रिव्ह्यूमध्ये मी ज्युनिअरला झापलंय.)

शिवाय पर्याय नव्हता हेही अर्धंच खरं. जागा नसताना गाडी घ्यायचा निर्णय माझा होता. जपानमध्ये १९६२च्या कायद्यापासून गाडीसाठी रस्त्याबाहेर जागा असल्याचं दाखवावं लागतं. तिथे मला ही गाडी बहुधा मिळालीच नसती.

रहिवासी परमिटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये जवळच्या ऑफिसांत येणारे लोक वस्तीतल्या रस्त्यांवर दिवसभर गाड्या लावत. काउंटीने तिथे परमिट आणले. बाहेरच्यांचा प्रश्न साधा होता : रस्ता सार्वजनिक, मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? १९७७मध्ये न्यायालयाने परमिटच्या बाजूने निकाल दिला. पण रस्ता रहिवाशांचा आहे म्हणून नाही. गोंगाट, कचरा, वाहतुकीचा धोका कमी करणं हा रास्त हेतू आहे आणि परमिट त्याला धरून आहे, एवढंच म्हटलं. आणि तिथे रहिवाशांकडे कामासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांनाही परमिट मिळण्याची सोय होती. आमच्या अर्जात पाहुणा हा शब्दच नव्हता.

आपल्याकडे सम-विषम तारखांची पी-१, पी-२ची पाटी असते. ती तारीख विचारते, परमिट पत्ता विचारतं. एकदा पत्ता विचारायला लागलो की हाताशी पुरावा असलेला जिंकतो. माझ्याकडे अकरा महिन्यांचा करार आहे. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. कोपऱ्यावर रोज भाजीची हातगाडी लावणाऱ्या मावशींकडे काय आहे? गल्लीत त्या माझ्यापेक्षा जास्त तास असतात.

आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही ते? एका गाडीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे १३५ चौरस फूट. गल्लीच्या टोकाला दहा बाय दहाच्या खोलीत एक कुटुंब राहतं, १०० चौरस फुटांत. ते भाडं भरतात. माझी गाडी त्याहून मोठ्या जागेत फुकट राहते. रस्ता त्यांचाही आहे, फक्त त्यांचा वाटा मी वापरतोय. या हिशेबाने पाहिलं तर फुकट परमिट ही त्यांच्याकडून मला मिळालेली भेट ठरते.

पैसे घ्यायचं म्हटलं की काय होतं हेही पुण्याने पाहिलंय. मार्च २०१८मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण आलं. विरोध इतका झाला की ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरतं मंजूर झालं. तेव्हा हॉस्टेलच्या मित्रांबरोबर मीही तावातावाने म्हणत होतो, 'स्वतःच्या घरासमोर गाडी लावायचे पैसे?' 'स्वतःच्या' हा शब्द रस्त्याला लागू होतो का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. डोनाल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकाचा उपाय मला पटतो : पैसे घ्या, पण ते त्याच रस्त्यावर खर्च करा. आमच्या गल्लीत निदान फूटपाथ तरी सलग होईल.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं : सही करतो, पण परमिट रात्री दहा ते सकाळी आठपर्यंतच हवा, त्याला पैसे असावेत, भाडेकरूंनाही तो मिळावा, आणि दवाखान्यासमोरच्या दोन जागा कायम मोकळ्या ठेवाव्यात. खरी मारामारी संध्याकाळी सात ते दहाची असते, दुकानांची गर्दी आणि आम्ही परतायची वेळ एकच. ती माझ्या नियमात सुटत नाही. ते तीन तास जो आधी येईल त्याचे.

दोन अंगठे आले. मग केक शॉपच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला : "दवाखान्यासमोर तर तुम्हीच लावता ना?"

कुंडी मी आता गॅलरीत आणून ठेवलीय. काल साडेआठला परतलो तेव्हा जागा नव्हती. गाडी कात्रज-कोंढवा रस्त्याच्या बाजूला लावून सात मिनिटं चालत घरी आलो.