तीसपैकी एकोणतीस

बारावीच्या रसायनशास्त्राचे गुण शंभर. त्यातले ७० लेखीचे, ३० प्रात्यक्षिकाचे. लेखीची उत्तरपत्रिका कुणाकडे गेली हे मुलाला कळत नाही आणि तपासणाऱ्यालाही मूल कळत नाही. प्रात्यक्षिकाचे ३० मात्र मूल ज्याला ‘सर’ म्हणते त्याच्याच हातात. बाहेरून परीक्षक येतात खरे, पण तेही आमच्यातलेच. यंदा ते आमच्याकडे, पुढल्या खेपेस आम्ही त्यांच्यासारख्या कुणाकडे. चहा-पोहे होतात, याद्या भरल्या जातात, सह्या होतात. यादीभर २८, २९, ३०. मी शक्यतो ३० देत नाही, २९ देतो. एक गुण कापला की आपण तपासले असे वाटते.

या २९ चा हिशेब एकदा कागदावर मांडला. वैद्यकीय प्रवेशाला ‘नीट’च्या गुणांबरोबर बारावीचीही अट असते. खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ३०० पैकी १५०. तीन विषयांच्या प्रात्यक्षिकांचे २९ प्रमाणे ८७ झाले, म्हणजे लेखीच्या २१० पैकी ६३ पुरतात. राखीव प्रवर्गाला १२० ची अट आहे. तिथे लेखीत ३३ भागतात. नुसते पास व्हायचे तर लेखी-प्रात्यक्षिक मिळून ३५ लागतात. एकोणतीस खिशात असलेल्या मुलाला तीन तासांच्या पेपरात सहा गुण मिळाले तरी तो रसायनशास्त्रात उत्तीर्ण. सोळा प्रकरणांचे पुस्तक आणि सहा गुण! हा पूल कुणी बांधला? मंडळाने आराखडा दिला, सिमेंट माझे.

त्या २९ मध्ये काय असायला हवे, ते मला चांगले माहीत आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन घ्या. फ्लास्कमधल्या द्रावणात विरल गंधकाम्ल घालून ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचे आणि वरून ब्यूरेटमधून परमँगनेट सोडायचे. पहिले थेंब पडतात तेव्हा जांभळा रंग जाता जात नाही. नवखे मूल इथे घाबरते, प्रयोग फसला म्हणते. थोडे थांबले की रंग जातो, पुढचे थेंब पडता पडता नाहीसे होतात, कारण अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेट स्वतःच सांगते. आणि द्रावण इतके गडद की खालचा वक्र दिसतच नाही. ब्यूरेटवर वरची कड वाचावी लागते. हे सगळे हाताने करणाऱ्या मुलाला स्वयंउत्प्रेरण पाठ करावे लागत नाही, ते त्याने थांबून पाहिलेले असते.

आमच्या जर्नलमध्ये मात्र अख्ख्या बॅचचे वाचन ९.८. तिन्ही वेळा ९.८, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. ब्यूरेटवर ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचता येते. चाळीस मुलांचे हात एकाच रेषेवर थांबणे निसर्गाला मंजूर नाही. मला ते दिसते. मी लाल शाईने सही करतो. जर्नल कुणी लिहिले तेही बरेचदा दिसते, कारण तीन मुलांचे अक्षर एकच असते.

आता मनात लगेच उठणारी उत्तरे. पहिले उत्तर पोरांच्या बाजूचे, आणि ते खोटे नाही. आमचे कळमेश्वर नागपूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर. मोहपा, धापेवाडा, गोंडखैरीकडची मुले पहाटे एसटी नाही तर पॅसेंजर पकडून नागपुरातल्या क्लासला जातात. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, अकरावीला एकदम सगळे इंग्रजी. त्यात अभ्यासक्रमांचा मेळ नाही: एनसीईआरटीने घन अवस्था, बहुवारिके ही प्रकरणे काढली, २०२४ पासून नीटच्याही यादीतून ती गेली, पण आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात ती आहेत. एकच मूल एका परीक्षेसाठी ती वाचते आणि दुसरीसाठी विसरते. अशा मुलाचे मी प्रात्यक्षिकात सात गुण कापले तर त्याची आयआयटी-एनआयटीची ७५ टक्क्यांची अट हुकेल, आणि शेजारच्या तालुक्यातले, तितकेच कच्चे मूल २९ घेऊन पुढे जाईल. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत त्याने का द्यावी?

दुसरे उत्तर हजेरीचे. मुले वर्गातच नसतात तर प्रयोग कुणाला दाखवू? २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, नागपूर विभागही त्यात होता. पण अंगठा लावून घेता येतो, मूल प्रयोगशाळेत उभे करता येत नाही. या उत्तरांवर मी बरीच वर्षे निभावून नेले.

पण ही दोन्ही उत्तरे मी स्वतःला देतो तेव्हा एक गोष्ट सोयीने वगळतो. २९ देण्यात माझे काहीच जात नाही. दया म्हणावी तर ती मला फुकट पडते. रविवारी प्रयोगशाळा उघडणे, सिल्व्हर नायट्रेट महाग म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेली बाटली बाहेर काढणे, चाळीस मुलांना चार-चारच्या गटात टायट्रेशन करायला लावणे, फुटलेल्या पिपेटचे पैसे कुणाकडून घ्यायचे यावर प्राचार्यांशी वाद घालणे, यात माझे जाते. तिथे माझी दया पोहोचत नाही. शिवाय निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो आणि रसायनशास्त्रात ९५ च्या वर गेलेल्यांचे फोटो त्यावर येतात. माझा फोटो नसतो, पण पुढच्या जूनमध्ये प्रवेश किती होतील आणि तुकडी टिकेल की नाही हे त्या फ्लेक्सवर ठरते. तेव्हा २९ हे मुलाला दिलेले नुसते दान नसून माझ्या नोकरीचा हप्ताही असू शकतो. किती टक्के दान आणि किती टक्के हप्ता, हे मला सांगता येत नाही. सांगता येत नाही, हीच गोष्ट खटकते.

२०२४ च्या जूनमध्ये नीटचा निकाल लागला, ६७ जणांना ७२० पैकी ७२०. पेपरफुटीच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळे पेटून उठले. मीही बोललो, तावातावाने. गरीब पोरांचे वाटोळे केले, असे काहीसे. तेव्हा कुणीच म्हणाले नाही की ती मंडळी ठोकचे व्यापारी आणि आपण किरकोळ. त्यांनी पैसे घेतले, आम्ही घेत नाही, हा फरक मोठा आहे, कायद्याच्या दृष्टीने तर फारच मोठा. पण ज्या मुलाने ब्यूरेट धरला नाही त्याच्या नावापुढे मी ‘धरला’ असे लिहितो. मंडळाचा शिक्का त्यावर बसतो. कागद खोटा तो खोटाच.

एका गोष्टीने मात्र मला खरोखर हलवले. सॉल्ट ॲनालिसिसच्या सरावाला एका मुलीसमोर निळे स्फटिक ठेवले होते. जर्नलमध्ये पाठ केलेली रांग होती: रंग निळा, म्हणजे तांबे असावे, अमोनियाने गर्द निळे द्रावण, निश्चिती. मी सहज विचारले, हे काय गं? ती म्हणाली, “सर, हे तं मोरचूद आहे. आमच्या घरी पोत्यानं असते. संत्र्याच्या झाडाले बोर्डो लावतात ना बाबा.”

मग ती बोलत गेली. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी. बादली प्लास्टिकची, लोखंडाची चालत नाही. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे आणि डिंक्या लागू नये म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला फासायचे. आणि मिश्रण झाले की नाही हे बाबा कसे पाहतात? त्यात चाकूचे पाते बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा.

मी ऐकत उभा राहिलो. लोखंडाचा प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४, म्हणून लोखंड विरघळते आणि तांबे त्यावर बसते. विद्युत रसायनशास्त्राचे अख्खे पाचवे प्रकरण तिच्या वावरात चाकूच्या पात्यावर घडते, आणि तिला मी तेच प्रकरण सूत्रांच्या चिठ्ठीवर दिले होते. एमआयडीसीतल्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पोलादाच्या पत्र्यावर जस्त चढवतात. त्या पाळीला जाणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात ‘जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते’ हे वाक्य गाइडमधून पाठ करतात. मी कधी विचारले नाही, बाबा काय करतात रे कामावर? वेळ नव्हता म्हणेन, पण बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय कसे खोडायचे यावर तासच्या तास घालवायला वेळ होता.

परीक्षेची तयारी वाईट नसते. मुलाला पेपर सोडवायला शिकवणे हे माझे कामच आहे आणि ते मी नीट करतो, यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच की ज्या तीस गुणांत परीक्षा आणि शिक्षण एकच होऊ शकत होते, तेच तीस मी आधी विकून टाकले.

मग करायचे काय? एकट्याने २२ द्यायचे का? यावर पुष्कळ विचार केला आणि उत्तर ‘नाही’ असे आले. व्यवस्था तशीच ठेवून माझ्या पश्चात्तापाची किंमत यंदाच्या चाळीस मुलांकडून वसूल करणे हाही एक प्रकारचा दिखाऊपणाच. पण न घेतलेल्या वाचनावर सही करणार नाही, हे माझ्या हातात आहे. दिवाळीच्या सुटीपासून प्रात्यक्षिक परीक्षा लागेपर्यंत रविवारी सकाळी प्रयोगशाळा उघडी राहील. प्रत्येक मूल स्वतःचे टायट्रेशन करील आणि वाचन ९.६ आले तर ९.६ लिहील. एवढे करून २९ मिळाले तर ते त्याचे असतील. जे मूल येणार नाही, यादीत त्याच्या नावापुढे जे होईल तेच लिहीन आणि पालकांना ते आधी सांगेन.

म्हणून पालकांना आत्ताच सांगतो. पोराचे जर्नल पैसे देऊन लिहून घेऊ नका. रविवारी सकाळचा क्लासचा एक तास बुडाला तरी चालेल, त्याला इकडे पाठवा. आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षक मित्रांनो, आमच्या मुलांना यंदा खरी व्हायवा विचारा. मी मध्ये बोलणार नाही.