कोयता आणि खांब

कोयता म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. येथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. 'अमक्या मुकादमाकडे यंदा वीस कोयते आहेत' असे कोणी म्हणाले, तर वीस हत्यारे मोजायची नाहीत, चाळीस माणसे मोजायची. एकटा पुरुष किंवा एकटी बाई असली, तर तो अर्धा कोयता. दसरा उलटला की हे कोयते टायरगाड्यांतून, ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून सांगली, कोल्हापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आपण हा अंक हातात घेऊन बसला असाल, तेव्हा आमच्या डोंगरपट्ट्यातल्या कित्येक घरांना कुलपे लागलेली असतील, आणि ज्यांना नसतील त्यांच्या ओट्यावर म्हातारी माणसे तेवढी असतील.

नित्याच्या शब्दाकडे माणूस पाहत नाही. तो नुसता वापरतो. या शब्दाकडे मला पाहायला लावले ते माझ्या एका विद्यार्थ्याने, आणि तेही अथेन्सहून.

मुलगा एका कोयत्याचा. आईबाप फडावर गेले की हा आजीजवळ राही आणि शाळेत पहिल्या बाकावर बसे. इतिहासाचा त्याला नाद लागला, पुढे पदवी झाली, एक शिष्यवृत्ती मिळाली आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात तो प्राचीन ग्रीसचा अभ्यास करण्यासाठी निघाला. गावात दोन दिवस दुसरी चर्चा नव्हती. त्याच्या वडिलांनी मला एवढेच विचारले, "गुरुजी, तिकडं कारखाना हाय का?" मी म्हटले, नाही, तिकडे जुनी देवळे आहेत. "मंग देवळं काय आपल्याकडं कमी हाईत?"

प्रश्न गैर नव्हता. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला. ग्रीस पाहिले ते वाचनालयातल्या कपाटातून. पण परक्याचे दगड वाचू नयेत असे म्हणायचे, तर दिमित्रिओस गालानोस याचे काय करायचे? हा अथेन्सचा माणूस १७८६ साली कलकत्त्याला आला, तेथील ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवू लागला, म्हणजे पेशाने माझ्यासारखाच मास्तर; पुढे काशीला जाऊन चाळीस वर्षे राहिला, संस्कृत ग्रंथ ग्रीकमध्ये नेत राहिला आणि १८३३ साली तेथेच वारला. शिवाय ग्रीस आम्हांला वाटते तितके दूर नाही. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव वारकरी मंडळींना गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी पुस्तकात पैठण आणि तगर ही नावे आहेत. तेथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराला जात असे, आणि पैठणापासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असे तो लेखक सांगतो. नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये रेघ ओढा. ती बीडवरून जाते. म्हणजे त्या कापडाच्या गाड्या आमच्याच पांदीतून गेल्या असणार. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून ठेवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. जिज्ञासूंनी अवश्य पाहावे. सुटीत मुलांना घेऊन जावे.

मुलाची पत्रे येऊ लागली. पत्रे म्हणजे आजकालची, फोनवर टंकलेली, पण लांबलचक. पहिल्या आठवड्यात त्याला सर्वांत नवल वाटले ते पाट्यांचे. "सर, इथं सगळ्या दुकानांवर भूमिती लिहिलीय," असे त्याने लिहिले. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही मंडळी त्याला आमच्या फळ्यावर भेटलेली होती. ती येथे पाव आणि औषधे विकत होती. भाषेचा गंध नसताना त्याने त्या अक्षरांच्या आधारावर रस्त्यांची नावे वाचायला सुरुवात केली. मग भुयारी रेल्वेचे सिंटाग्मा स्थानक: बोगदा खणताना जे सापडले ते तेथेच काचेआड मांडलेले, आणि लोक त्यांच्या बाजूने गाडी पकडायला धावत आहेत. भाकरीची आठवण, जैतुनाच्या खारट फळांचा पहिला घास, खोलीत एकटे झोपण्याची भीती (जन्मात तो एकटा झोपला नव्हता), हे सारे त्याने प्रामाणिकपणे कळवले.

नंतर अक्रोपोलिस. लाखो पायांनी झिजून आरशासारखे गुळगुळीत झालेले दगड, त्यावरून सांभाळत चढायचे, आणि एकदम समोर पार्थेनॉन. इ. स. पू. ४४७ मध्ये सुरू झालेले आणि पंधरा वर्षांत शिल्पांसह पुरे झालेले हे मंदिर. १६८७ साली व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूसाठा उडाला आणि त्याचा मध्यभाग कोसळला. पुढे लॉर्ड एल्गिनने त्याची शिल्पे उतरवून नेली, ती १८१६ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे सगळे मुलगा वाचून गेला होता. पण तेथे उभे राहिल्यावर, तो लिहितो, यातले काहीच आठवले नाही. त्याच्या डोळ्यांना पाणी आले. का आले ते कळेना. आणि लगेच दुसरा विचार आला: हे दगड वर कोणी आणले?

मला वाटते, हा प्रश्न सर्वांना सुचत नाही. आम्हां कादंबरीकारांची तर रीतच अशी, की वाड्याचे वर्णन तीन पाने करावे आणि हमालाला एका ओळीत दारातून आत-बाहेर करावे. पण ज्याने बापाला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाहिले आहे, त्याची नजर खांबाच्या माथ्यावरून आपोआप पायथ्याशी येते.

उत्तर त्याला तेथेच मिळाले. पार्थेनॉनपासून हाकेच्या अंतरावर एरेक्थेयॉन नावाचे दुसरे मंदिर आहे. त्याच्या बांधकामाचा हिशेब अथेन्सकरांनी दगडावर कोरून ठेवला होता, इ. स. पू. ४०९ ते ४०७ या काळातला. त्याचे तुकडे आज तेथील शिलालेखांच्या संग्रहालयात आहेत. कोणत्या खांबाच्या उभ्या पन्हाळी कोणी कोरल्या, त्याला किती मिळाले, हे नावानिशी लिहिलेले आहे. ज्यांचा दर्जा कळतो अशा ८६ माणसांत २४ नागरिक, ४२ परमुलखातून येऊन राहिलेले आणि २० गुलाम. सिमियास नावाच्या एका परदेशी कारागिराच्या नावापाठोपाठ त्याच्या गुलामांची नावे येतात. धनी आणि गुलाम एकाच खांबावर छिन्नी चालवत होते. मजुरी साधारण रोजची एक द्राख्मा, सर्वांना सारखीच. देखरेख करणाऱ्या स्थपतीलाही तेवढीच. गुलामाची द्राख्मा धन्याच्या कनवटीला जात असणार, हे उघड आहे.

त्या द्राख्मेची चांदी कोठून येई? अथेन्सच्या दक्षिणेकडील लॉरियॉनच्या खाणींतून. तेथे हजारो गुलाम जमिनीखाली राबत. झेनोफोन सांगतो, की निकियास नावाच्या धनाढ्य सेनापतीने आपले एक हजार गुलाम खाणीच्या एका ठेकेदाराला भाड्याने दिले होते: माणशी रोज एक ओबोल, म्हणजे द्राख्मेचा सहावा हिस्सा, आणि अट अशी, की संख्या हजारच राहिली पाहिजे. मेले तर ठेकेदाराने भरून द्यायचे. येथे मुलाने कंसात लिहिले होते, "सर, करार ओळखीचा वाटला."

आणि मग एका तासाला अ‍ॅरिस्टॉटल आला. गुलाम हे जिवंत हत्यार आहे, असे त्या थोर माणसाने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात मांडले आहे. वर्गातली मुले वहीत उतरवून घेत होती. आमच्या मुलाचा हात थांबला. त्या रात्रीच्या पत्रात असे होते: "ते म्हणतात, जुन्या काळचा हा कठोर विचार आहे. माझ्या मनात आलं, माझे आईबाप एक कोयता आहेत. सर, मला हे खांब फार आवडले. आवडले याची आता लाज वाटते. मी काय करू?"

या प्रश्नाला मी पुष्कळ दिवस उत्तर लिहिले नाही. दोन उत्तरे तोंडावर येत होती. दोन्ही सोपी होती. सौंदर्य ते सौंदर्य, घडवणाऱ्याचे हाल काळाबरोबर गेले, खांब उरला, तो पाहावा, हे एक. हे उत्तर मला नेहमी खांबाच्या मालकाचे वाटते. दुसरे उत्तर तरुणांना आवडणारे: ज्यावर गुलामाचा घाम सांडला ते सुंदर म्हणूच नये, पाठ फिरवावी. त्यात ताठपणा आहे, पण एक मोठा अन्यायही आहे. सिमियासच्या त्या गुलामाचे या जगात काय उरले? घर नाही, मुले कोठे गेली कोणास ठाऊक. उरल्या त्या त्याने कोरलेल्या पन्हाळी; चोवीस शतकांनंतरही सकाळचे ऊन त्यांच्यातून सरकते. त्याच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे धन्याने शरीर घेतले, आम्ही कसबही नाकारले. म्हणून मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल लाज वाटण्याचे कारण मला दिसत नाही. ते पाणी पेरिक्लीससाठी होते असे कोणी ठरवले?

असे मी लिहिणार होतो. पण लिहिता लिहिता अडलो, कारण हा दिलासा दगडाच्या कामाला लागू पडतो, उसाच्या नाही. आमच्या माणसांच्या कसबाचा खांब उभा राहत नाही. पहाटे चारला उठून, दवाने भिजलेल्या पाचटात हात घालून, बुडख्याशी एका घावात तोडलेला ऊस, त्याची बांधलेली मोळी, हे पाहायला कोणी परदेशी विद्यार्थी येणार नाही. त्याची साखर होते, आणि ती करंजीत, चहात, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या पेढ्यात विरघळून जाते. ती गोड लागते. त्यात कोणाचा हात होता हे जिभेला कळत नाही. वाचकहो, सणाच्या दिवशी ताटात विघ्न आणण्याचा माझा हेतू नाही. करंजी खावीच. माझ्या घरीही होते.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुलना ताणता आहात. ऊसतोडकरी गुलाम नव्हे. खरे आहे. त्याला मत आहे, घर आहे, तो वैशाखात परत येतो, त्याचा मुलगा अथेन्सला जाऊ शकतो. अथेन्सच्या खाणीतल्या गुलामाचा मुलगा कोठेही जाऊ शकत नव्हता. हा फरक लहान नाही आणि तो मी पुसू देणार नाही. पण अंगावर घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही, आजारी पडून बसले तर खाड्याचे पैसे कापले जातात. आणि आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली, हेही पुसता येणार नाही.

अ‍ॅरिस्टॉटलच सांगतो आणि पुढे प्लुटार्कही सांगतो, की अक्रोपोलिसवर दगड वाहून म्हातारे झालेले एक खेचर कामावरून मोकळे केल्यावरही रोज आपणहून यायचे आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांच्या पुढे चालायचे. अथेन्सच्या लोकांना त्याचे इतके कौतुक वाटले, की त्यांनी सभेत ठराव करून त्याला आमरण सरकारी खर्चाने पोसले. ही गोष्ट मी पूर्वी मुलांना प्राणिदयेची म्हणून सांगत असे, आणि अजूनही सांगतो. गोष्ट चांगलीच आहे. फक्त खेचराला दिसणारी दया खाणीपर्यंत का पोचली नाही, हे आता मुले विचारतात. मी त्यांना विचारू देतो.

आपल्याकडेही दगडांवर नावे आहेत, पण बहुतेक देणाऱ्यांची. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट या गावच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीकच. खांब कोरणाऱ्यांचे नाव तेथे नाही. वेरूळच्या कैलासाबद्दल एका राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटले आहे, की तो घडवणारा शिल्पी स्वतःच आपल्या कृतीने चकित झाला. पण त्याचे नाव लिहायचे राहिले. त्या मानाने कार्ल्यालाच एक माणूस सुटला आहे: वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार. दरवाजा त्याने केला, असे तेथे कोरलेले आहे. हे मी मुलाला कळवले.

त्याचे उत्तर थोडक्यात आले. अभ्यास सोडण्याचा विचार त्याने सोडला होता. तो आता ते हिशेबाचे दगड मुळातून वाचायला शिकत होता. गुलामांची नावे त्याने वहीत उतरवून घेतली होती. आणि खाली एक विनंती: "मुकादमाच्या वहीत आईचं नाव असतं का, तेवढं बघाल का?"

मी गेलो. मुकादम ओळखीचा, वही समोर ठेवली. पानावर रेघा आखलेल्या, अक्षर नेटके. मुलाच्या वडिलांचे नाव होते, पुढे उचलीची रक्कम, तिच्यापुढे अंगठा, आणि शेवटच्या रकान्यात '१ कोयता'. दुसरे नाव नव्हते. निघण्याच्या गडबडीत असलेल्या त्याच्या आईला मी हे सांगितले. ती गाडीत भांड्यांचे गाठोडे बसवत होती. म्हणाली, "माझं नाव कशाला लागतंय गुरुजी? उचल ह्यांच्या नावावर हाय." मग जरा थांबून म्हणाली, "का? त्यानं इचारलं का?"